शॉप फ्लोअरवर कौतुक कसं करावं? ‘ग्रेट जॉब टीम’ का चालत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणच्या एका ऑटो कंपोनंट कारखान्यात तुम्ही नुकतेच लाईन इनचार्ज झालात. दोन शिफ्ट मिळून हाताखाली चाळीसेक माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी. पगार, बोनस, बढती यातलं काहीच तुमच्या हातात नाही, म्हणून कौतुकाने लोकांना उभारी द्यायची असं ठरवलंत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज ‘ग्रेट जॉब टीम’, महिन्याला एक ‘बेस्ट ऑपरेटर’, नोटीस बोर्डावर त्याचा फोटो. सुरुवातीला बरं चाललं. आता फोटो लागला की लोक हसतात, आणि एकाने तर तोंडावर सांगितलं, "साहेब, फोटो राहू द्या, चहा पाजा."

मी बरीच वर्षं प्रेस शॉप (पत्रा कापून-दाबून पार्ट बनवणारा विभाग) आणि नंतर असेंब्ली सांभाळली, आता सुपरवायझर लोकांना शिकवतो. तुमच्यासारखे इनचार्ज मला प्रत्येक बॅचमध्ये भेटतात आणि बहुतेकांची मनापासून इच्छा असते. इच्छा असणंही काही कमी नाही. ‘कौतुक केलं की माणसं शेफारतात’, ‘पगार घेतो ना, मग उपकार केले का?’ असं म्हणणाऱ्या पिढीच्या हाताखाली आम्ही शिकलो. तेव्हा तुम्ही चुकीच्या दिशेला निघालेला नाहीत. अडचण एवढीच, की तुमच्या कौतुकात शब्द आहेत, पण तुम्ही नक्की काय पाहिलंत ते कुठेच दिसत नाही. ‘ग्रेट जॉब’ लिहायला लाईनवर जावं लागत नाही, हे ऑपरेटरला तुमच्याइतकंच कळतं. चहा पाजायचा तर त्याच्याबरोबर दहा मिनिटं उभं राहावं लागतं. तो माणूस चहा मागत नव्हता.

पण कौतुकाच्याही आधी थकलेल्या गोष्टींची एक फेरी मारा. कोणाचे ओटीचे (ओव्हरटाईमचे) तास गेल्या महिन्याच्या स्लिपमध्ये आले नाहीत, कोणाला सात नंबरऐवजी नऊ नंबरचे सेफ्टी शूज देऊन ठेवलेत, दुसऱ्या शिफ्टला कॅन्टीनमध्ये भाजी का संपते, प्रेसजवळचा पंखा किती दिवस बंद आहे. अमेरिकेत फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखती घेतल्या, १९५९ साली त्यावर पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस नाराज होतो; पण हे सगळं ठीक असलं म्हणून तो झपाटून काम करतो असं नाही. त्याला उभारी येते ती काम साधल्याने, त्याची दखल घेतली गेल्याने, जबाबदारी मिळाल्याने. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली. माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळे मुलाखतीतून असंच चित्र निघणार, हा आक्षेप मला पटतोही. तरी फ्लोअरवर हा फरक उपयोगी पडतो: ज्याचे चार तास बुडालेत त्याला तुम्ही सर्टिफिकेट दिलंत, तर त्याला ती थट्टा वाटते.

‘पैसे माझ्या हातात नाहीत’ हे खरं आहे. पाठपुरावा मात्र तुमच्याच हातात आहे. ते चार तास कंत्राटदाराच्या हजेरीत चढेपर्यंत तुम्ही एचआरच्या टेबलाशी खेटे घातलेत, तर ती गोष्ट दोन दिवसांत अख्ख्या लाईनला कळते. तुम्ही सांगायचीही गरज नसते.

नावाचंही तसंच. चाकणला एकाच लाईनवर बीड, यवतमाळ, बलिया, छपरा असे कुठून कुठून आलेले लोक असतात. दिवसभर ‘ए बिहारी’ म्हणून हाक मारायची आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात पाटी देऊन फोटो काढायचा, हे मी पाहिलंय. नाव नीट घेणं, आणि ज्याला मराठी येत नाही त्याच्याशी त्याला कळेल अशा हिंदीत बोलणं, इथून सुरुवात करा.

आता मुख्य गोष्ट. समजा, काल रात्रपाळीला तुमच्या सेटरने, म्हणजे प्रेसवर डाय बसवून जुळवणाऱ्या माणसाने, शंभर टनी प्रेस मध्येच थांबवली. पार्ट माप तपासायच्या गेजमध्ये नीट बसत होता, रिजेक्शन शून्य होतं, तरी त्याने टूलरूमच्या माणसाला बोलावलं. डाय (पार्टला आकार देणारा साचा) उघडल्यावर त्यातल्या पंचची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या भागाची, कड चिपलेली निघाली. सकाळच्या रिपोर्टमध्ये तुम्हाला काय दिसणार? उत्पादन दीड-दोनशे नगांनी कमी. इथे बहुतेक इनचार्ज दोनपैकी एक करतात. एकतर ‘नग कमी का?’ असं ग्रुपवर विचारतात, नाहीतर कारण कळल्यावर ‘वेल डन नाईट शिफ्ट’ लिहून मोकळे होतात. दोन्हींत सेटरने नक्की काय केलं ते हरवतं.

त्याऐवजी शिफ्ट बदलताना त्या प्रेसजवळ जा आणि विचारा, "काल गेज पास होत असताना तू प्रेस थांबवलीस. कशावरून कळलं?" पहिलं उत्तर हमखास ‘असंच, वाटलं जरा’ असं येईल. तिथून हलू नका. मग तो सांगेल, की स्ट्रोकचा आवाज बदलला होता. म्हणून त्याने खाली पडलेला स्क्रॅपचा तुकडा उचलून कडेवरून बोट फिरवलं, तर नेहमीपेक्षा जास्त बर, म्हणजे कापलेल्या कडेवरची धारदार खरखर, लागला. म्हणजे पार्टवर दोष उमटायच्या आधी त्याने तो स्क्रॅपवर पकडला. हे कुठल्याही कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी, कसं तपासायचं त्या कागदात) लिहिलेलं नसतं. मग त्याला सांगा, "हा लॉट पुढे गेला असता तर आपल्याच चार पोरांना कस्टमरच्या गेटवर बसून सॉर्टिंग करावं लागलं असतं." आणि शेवटी, "दुसऱ्या शिफ्टच्या मुलांना हे दाखवशील का?"

बघा, या सगळ्यात ‘शाबास’ हा शब्द एकदाही आला नाही. अनुभवी माणसाला ‘तुला कसं कळलं?’ या प्रश्नाइतका मान दुसऱ्या कशाने वाटत नाही, कारण तो प्रश्न विचारायला आधी त्याचं काम समजून घ्यावं लागतं. शिवाय उत्तरातून तुम्हालाही काहीतरी मिळतं. स्क्रॅपची कड तपासायची ही पद्धत पुढच्या आठवड्यात स्टार्ट-अप चेकशीटमध्ये गेली आणि ती कोणामुळे आली हे मॉर्निंग मीटिंगमध्ये सांगितलं गेलं, तर ते कौतुक लाईनवर टिकून राहतं. त्या माणसाने कंपनी सोडली तरी.

नव्या मुलांच्या बाबतीत थोडं वेगळं वागा. आयटीआयमधून आलेला अॅप्रेंटिस चटकन शिकला की ‘तू तर एक्सपर्ट झालास’ असं म्हणायचा मोह होतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्यांना ‘हुशार आहेस’ म्हटलं होतं, ती मुलं पुढे अवघड प्रश्नात अडली की लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं होतं ती जास्त टिकून राहिली. शाळेतली मुलं आणि प्रेसवरचा एकोणीस वर्षांचा पोरगा एक नव्हे, पण ‘एक्सपर्ट’चा शिक्का बसलेला ट्रेनी स्वतःच्या हातून बिघडलेला पार्ट लपवतो, हे मी अनेकदा बघितलंय. शिक्का सांभाळायचा असतो ना त्याला! त्यापेक्षा ‘आज सेटिंगला पहिल्यांदा कोणाला हाक न मारता तीन बोल्ट बरोबर क्रमाने आवळलेस’ हे त्याला पुढच्या सेटिंगला कामाला येतं.

‘बेस्ट ऑपरेटर’ बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं दोन. पहिलं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यात पाळी लागते. याला झालं, आता त्याला द्यायला हवं, नाहीतर तो रुसेल. पाळी लागली की बक्षिसाचा कामाशी संबंध तुटतो आणि लोक हसायला लागतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. अमेरिकेतल्या एका औद्योगिक लॉन्ड्री कंपनीच्या कारखान्यात हजेरीसाठी बक्षीस सुरू केलं: महिनाभर वेळेवर येणाऱ्यांमधून चिठ्ठी काढून गिफ्ट कार्ड. त्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी नियमातल्या फटी शोधल्या. एकदा उशीर होऊन शर्यतीबाहेर पडला की माणूस पुन्हा जुन्या सवयीवर. आणि जे आधीपासून बक्षिसाशिवाय वेळेवर येत होते, त्यांचं काम उलट मंदावलं. एकूण कारखान्याची उत्पादकता १.४ टक्क्यांनी घटली. वर्षानुवर्षं गुपचूप वेळेवर येणाऱ्याला काय वाटलं असेल? इतके दिवस आलो ते कोणी मोजलंच नाही, आणि आता रोज उशिरा येणारा चार आठवडे वेळेवर आला म्हणून त्याचं नाव चिठ्ठीत.

याच्या उलट दिशेचाही पुरावा आहे, तो लपवत नाही. ब्राडलर आणि इतर तिघांचा एक प्रयोग, तोही २०१६ सालीच छापून आलेला. काही तासांचं डेटा एंट्रीचं काम, तीनशेहून जास्त माणसं. काही गटांत मध्येच, आधी काहीही न सांगता, आभाराची कार्डं दिली. जिथे फक्त उत्तम काम करणाऱ्यांनाच कार्ड दिलं, तिथे नंतरचं काम सुधारलं, आणि गंमत म्हणजे सुधारणा मुख्यतः कार्ड न मिळालेल्यांची होती. माझ्या मते यातला कळीचा भाग ‘आधी न सांगता’ हा आहे. जाहीर केलेल्या बक्षिसासाठी लोक नियमाशी खेळतात. न जाहीर केलेल्या दखलेमुळे त्यांना एवढंच कळतं, की इथे कोणीतरी बघतंय. तेव्हा कार्ड, पेन, डबा, काय द्यायचं ते द्या, पण कॅलेंडर लावून देऊ नका.

आता एक धोका, ज्याबद्दल ऑफिसातल्या लोकांसाठी लिहिलेले लेख सहसा काही सांगत नाहीत. नगांच्या आकड्याचं जाहीर कौतुक करू नका. ‘याने आज नऊशे काढले!’ असं तुम्ही ग्रुपवर टाकलंत, की लाईनवरचा प्रत्येक जण एकच वाचतो: उद्यापासून टार्गेट नऊशे. ही भीती आजची नाही. शिकागोला लागून असलेल्या सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९३१-३२ साली चौदा कामगारांच्या एका वायरिंगच्या खोलीचं महिनोन्‌महिने निरीक्षण झालं. दिवसाला किती काम ‘योग्य’, हे त्या गटाने आपसांत ठरवलेलं होतं. जो जास्त काढायचा त्याला नावं ठेवायचे, चिडवायचे, आणि प्रसंगी दंडावर बुक्का मारायचे. वेडेपणा नव्हता तो. जास्त काढलं तर दर कापतील, नाहीतर कोणाची तरी नोकरी जाईल, असा त्यांचा हिशेब होता, आणि मंदीचे दिवस होते.

तुमच्या लाईनवर बुक्के मारत नसतील. पण ज्याचं तुम्ही आकड्यासाठी कौतुक केलंत तो जेवणाच्या सुट्टीत एकटा बसलेला दिसला, तर नवल मानू नका. ‘साहेबाचा माणूस’ हा शिक्का कंत्राटी पोराला परवडत नाही, आणि कायम कामगारांसमोर कंत्राटी पोराचं नाव घेऊन ‘बघा, हा करतो ना’ म्हणणं तर अजिबात नाही. तसं म्हणणं म्हणजे एकाच्या नावाने बाकीच्यांना झापणं. कौतुक करायचं तर गुणवत्तेचं, सुरक्षिततेचं, शिकवण्याचं, अडलेल्याला हात देण्याचं करा. ही कामं एकाने जास्त केली म्हणून दुसऱ्याचं टार्गेट वाढत नाही.

चारचौघांत की एकट्यात? सरसकट उत्तर नाही. तरुण मुलांना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडतं, पंचवीस वर्षं मशिनवर काढलेल्या काकांना ते अवघड होतं. ते मान खाली घालून ‘जाऊ द्या हो साहेब’ म्हणतात आणि खरंच जाऊ द्यावंसं त्यांना वाटत असतं. विचारून घ्या. ‘उद्या मीटिंगमध्ये हे सांगू का?’ एवढं विचारायला काही लागत नाही.

ज्यांचं काम दिसत नाही त्यांच्याकडे मुद्दाम बघावं लागेल. मेंटेनन्सवाला, स्टोअरवाला, फोर्कलिफ्ट चालवणारा, धातूच्या चिप्स आणि ऑईल साफ करणाऱ्या बायका. यांचं काम चोख झालं की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याचा रिपोर्ट येत नाही. लाईन बंद पडल्यावर रात्री दोन वाजता घाम गाळणाऱ्या फिटरचं कौतुक सगळे करतात. ज्याने बेअरिंग गरम लागतंय म्हणून रविवारीच बदलून टाकलं, त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. वर्षभर असंच चाललं, तर शहाणा फिटर काय शिकतो ते सांगायला नको. शिफ्ट हँडओव्हरला एक प्रश्न रोज विचारत जा: ‘आज काय होता होता राहिलं?’ सुरुवातीला उत्तर येणार नाही, कारण लोकांना वाटतं साहेब चूक शोधतोय. एकदा कोणी सांगितलं आणि त्याला ओरडा बसला नाही, की पुढची उत्तरं आपोआप येतात. तुमच्या कौतुकाचा खरा कच्चा माल तिथे मिळेल, रिपोर्टमध्ये नाही.

झापताना कौतुक वापरू नका. आधी दोन गोड वाक्यं, मग दणका, मग पुन्हा एक गोड वाक्य, असं ट्रेनिंगमध्ये अजून शिकवतात. याचा एकच परिणाम मी पाहिलाय: तुम्ही ‘तुझं काम चांगलं आहे’ म्हटलंत की माणूस ‘पण’ची वाट बघत उभा राहतो. चूक असेल तर चूक सांगा, त्याच दिवशी, बाजूला घेऊन. कौतुक असेल तर तेवढंच सांगा आणि निघून जा.

तुमच्या हातात असलेली आणि न वापरलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वरपर्यंत नाव पोचवणं. मॅनेजरच्या मीटिंगमध्ये ‘आम्ही बर कमी केला’ म्हणू नका, कोणी केला ते सांगा. कस्टमरचं ऑडिट असेल तेव्हा पोका-योके (चूक होऊच नये म्हणून मशिनवर केलेली सोय) तुम्ही समजावून सांगण्यापेक्षा जो तो रोज वापरतो त्या ऑपरेटरला सांगू द्या. अडखळेल, चालतं. ऑडिटरलाही ते आवडतं, कारण पाठ केलेलं उत्तर त्याला लगेच ओळखू येतं. खंडेनवमीला मशिनची पूजा होते तेव्हा नारळ साहेबांच्या हातून फोडायची पद्धत असेल, तर या वर्षी ज्या-त्या प्रेसचा नारळ तिच्या ऑपरेटरला फोडू द्या. खर्च तेवढाच.

आणि बोर्डावरची स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं त्याचा तक्ता. चार भागांचं ते वर्तुळ बऱ्याच कारखान्यांत ऑडिटच्या आदल्या दिवशी पेनाने काळं करतात. ते प्रामाणिकपणे भरा. एखाद्याचं तीन भागांचं वर्तुळ चार भागांचं, म्हणजे ‘दुसऱ्याला शिकवू शकतो’ असं झालं, की ते त्याच्यासमोर, का झालं ते सांगून रंगवा, आणि मग खरोखर त्याच्याकडे एक नवा मुलगा शिकायला द्या. फोटोपेक्षा याला वजन आहे, कारण त्याच्यामागे जबाबदारी येते.

बेस्ट ऑपरेटर का बंद केलंत, असं मॅनेजर विचारतील. त्यांना सांगा, की तीन महिने दुसरे आकडे बघू: लोकांनी स्वतःहून सांगितलेल्या होता होता टळलेल्या घटना किती, सूचना किती आल्या आणि त्यांतल्या किती अमलात आल्या, स्वतःच्या हातून झालेली चूक स्वतःच कळवल्याचे प्रसंग किती. उत्पादनाचा आकडा यात घालू नका, तो शंभर कारणांनी हलतो. व्हॉट्सअॅप ग्रुप शिफ्टच्या निरोपांपुरता ठेवा.

राहिला कंत्राटी मुलांचा प्रश्न. त्यांतले बरेच जण वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या गेटवर उभे असणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. कंत्राटदाराकडून मिळणाऱ्या दाखल्यात अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक समाधानकारक, एवढंच असतं. त्यात आणखी दोन ओळी घालून घेता येतात का ते एचआरला विचारा: किती टनी प्रेस चालवली, कोणती डाय एकटा सेट करतो, कोणती गेजेस वापरतो. एचआर नाही म्हणालं, तर मॅनेजरला विचारून त्याची स्किल मॅट्रिक्समधली ओळ तरी छापून, खाली तुमची सही करून त्याला द्या. पुढच्या कारखान्यात त्याची मुलाखत घेणारा सुपरवायझर ती ओळ बरोबर वाचतो.